चावी जहाजातून आली

माझ्या सासऱ्यांकडून कधी कुणाला नुसतं कुलूप मिळालेलं नाही. कुलपाबरोबर त्याची कुळकथा घ्यावीच लागायची.

"हा शब्द मूळचा अरबांचा बरं का. तिकडे 'कुफ्ल'. आपल्याकडे येता येता अक्षरांनी आपापसात जागा बदलल्या. आणि चावी? ती आली जहाजातून, पोर्तुगिजांबरोबर. म्हणजे बघा, कुलूप एकीकडचं, चावी दुसरीकडची, आणि तुमच्या दारावर दोघं सुखानं नांदतायत!"

गिऱ्हाईक बिचारं घराबाहेर अडकलेलं. त्याला संसार कुणाचा कसा चाललाय त्याच्याशी काय देणंघेणं? ते आपलं "हो का? वा!" म्हणत एका पायावरून दुसऱ्या पायावर.

बाबांचं हार्डवेअरचं दुकान आमच्या घराच्या खालीच आहे. रुंदीला आठ फूट, पण खोलीला इतकं की मागच्या भिंतीपाशी उभं राहिलं तर रस्ता पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो. दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण. कुठल्याही खणावर नाव लिहिलेलं नाही. ज्या खणात जे असेल, त्याचा एक नमुना बाहेर तारेनं बांधलेला. स्क्रू असतील तर स्क्रू, वॉशर असतील तर वॉशर. "नाव वाचायला वेळ लागतो, वस्तू डोळ्याला आधी दिसते," असं ते म्हणायचे. हे म्हणणाऱ्या माणसाला नावांचंच एवढं वेड असावं, ही गंमतच.

वेड कसं लागलं, तेही ऐका. बाबांनी दुकान टाकलं तेव्हा खिळे बांधून द्यायला रद्दी आणायचे आणि पुड्या करायचे. एकदा रद्दीत एक जाडजूड शब्दकोश आला. रोज पाच-दहा पानं फाडायची, पुड्या वळायच्या, असं चाललं होतं. एके दिवशी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून फाडायच्या आधी एक पान वाचलं. मग दुसरं वाचलं. मग फाडणं बंद. तोवर 'अ'पासून 'औ'पर्यंतचे सगळे शब्द खिळ्यांबरोबर गावभर गेले होते. त्यामुळे 'क'पासून पुढे बाबा पंडित, आणि 'अ'चा शब्द विचारला की म्हणायचे, "तो माल संपला."

मी या घरात लग्न होऊन आले त्याला, हे सगळं घडलं तेव्हा, अकरा वर्षं झाली होती. खरं सांगते, मला या शब्दांचा उबग आला होता. बटाटा चिरायला घेतला की बटाटा कुठून आला. साबण मागितला की साबणावर दोन देशांचं भांडण. माणसाला आंघोळ करू द्यावी की नाही? मी तोंडाची फटकळ. "बाबा, ते राहू द्या, आधी साबण द्या," असं तोंडावर म्हणायची. ते हसायचे, साबण द्यायचे आणि बंद दाराला उरलेली गोष्ट सांगायचे.

आणि मग एका सकाळी दुकानात त्यांना झटका आला. सौम्य होता. दोन आठवड्यांत हात चालायला लागला, पाय चालायला लागला. पण नावं गेली.

डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बसवून समजावलं. "त्यांना कळतं सगळं. वस्तू ओळखतात, तुमचं बोलणं समजतं. पण वस्तूचं नाव ओठांवर येत नाही. काही येतील परत, काही नाही येणार. घाई करू नका."

म्हणजे कुणाचं काय जावं! गावात एवढी माणसं आहेत ज्यांना दिवसभरात चार शब्दही लागत नाहीत, त्यांचं काही गेलं नाही. ज्यानं शब्दांवर आयुष्य काढलं, नेमकी त्याच्याच घरी चोरी. पहिल्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी टेबलावरच्या चष्म्याकडे बोट केलं, "ते… ते…" म्हणाले, आणि शब्द येईना तशी टेबलावर मूठ आपटली. मग रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली, घासलेलीच.

चौथ्या दिवशी मात्र वेगळंच घडलं. सकाळी बाबा पलंगावर बसून एकदम म्हणाले, "गुलाब."

माझा नवरा धावतच आला. "काय म्हणालात बाबा?"

"गुलाब. पाणी. गुलाबाचं पाणी."

त्याला कोण आनंद! "अगं, बाबा तीन शब्द बोलले!" असं ओरडत तो चपला न घालताच खाली गेला आणि गुलाबपाण्याची बाटली घेऊन आला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, डोळ्यांची आग होत असणार. त्यांनी कापसाचे बोळे गुलाबपाण्यात भिजवून बाबांच्या दोन्ही डोळ्यांवर ठेवले. बाबांनी ते भिरकावून दिले. आईंनी नवे ठेवले. बाबांनी तेही भिरकावले आणि पोटावर हात आपटत गर्जना केली, "गुलाब!"

मी दारात उभी होते. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अरे, जुलाब!" मी ओरडले. "जुलाबाचं औषध पाहिजे त्यांना! चार दिवस पोट साफ झालेलं नाही त्यांचं!"

नवरा आणि सासूबाई माझ्याकडे बघतच राहिले. पण मला ती गोष्ट पाठ होती. कशी नसणार? एकदा भर जेवणात ऐकवली होती. जुलाब म्हणजे मूळचं इराणातलं गुलाबपाणी. गोड गुलाबपाण्यातून औषध द्यायचे, पुढे गुलाब उडून गेला आणि औषध तेवढं उरलं. त्या दिवशी मी ताटावरून उठून गेले होते. आता बाबा माझ्याकडे बोट दाखवून लहान मुलासारखे हसत होते. "तू! तू! तू!"

तर असा उलगडा झाला. नाव गेलं होतं, पण नावाची गोष्ट जागेवर होती. डॉक्टरांना सांगितलं तर तेही हसले. म्हणाले, "इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट म्हणजे मळलेली पायवाट. ती राहिली असेल."

पुढचे तीन महिने आमच्या घरात असंच चाललं. बाबा गोष्ट सांगायचे, मी वस्तू ओळखायची. "इराण… डोळा" म्हटलं की चष्मा. "पाय… वस्त्र" म्हणजे पायजमा. "अरब… बसायचं" म्हणजे खुर्ची. पंचाईत व्हायची ती जहाजाची. त्या मेल्या जहाजातून काय काय उतरलंय! चावी, बादली, घमेलं, बिजागरी, बटाटा, पगारसुद्धा. बाबा म्हणायचे "जहाज" आणि मी यादी सुरू करायची. एकदा त्यांना साबण हवा होता आणि मी बादली आणून ठेवली. आंघोळीलाच निघाले होते, म्हणून खपून गेलं.

अडलं की बाबा माझ्याकडे बोट करून "तू!" म्हणायचे. म्हणजे, तू सांग. नवऱ्याला जमायचं नाही, कारण तो लहानपणापासून हे ऐकत आला होता आणि लहानपणापासूनच कान बंद करून बसला होता. मला कान बंद करता आले नाहीत. मी नुसती चिडत राहिले, आणि चिडून ऐकलेलं माणूस विसरत नाही.

पण दुकान बंद होतं. आणि खरा जीव तिथं अडकला होता. बाबा रोज सकाळी साडेआठला दुकानात जायचा शर्ट घालायचे, खिशात चावी टाकायचे आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. दहा वाजले की उठून शर्ट काढून खुंटीला लावायचे. तीन महिने रोज हे बघणं सोपं नव्हतं.

माझा नवरा वाईट माणूस नाही. कारखान्यात पाळी करतो, दमून येतो. त्याचा हिशेब साधा होता. "ज्याला स्क्रूला स्क्रू म्हणता येत नाही, तो दुकान कसं चालवणार? लोक हसतील बाबांना. ते मला बघवणार नाही." त्यानं एक माणूस शोधला, मोबाइलची कव्हरं विकणारा. पुढच्या एक तारखेपासून जागा त्याला द्यायची. खण काढून टाकायचे, भिंतीला आरसे लावायचे. मलाही तेव्हा ते पटलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू?

पण बाबांना एकदा तरी दुकानात बसवावं असं मनात आलं. नवऱ्याची सकाळची पाळी होती. मी आईंच्या कानावर घातलं आणि बाबांना घेऊन खाली गेले. शटर वर केलं. बाबांनी काउंटरवरून हात फिरवला, धूळ बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी गपचूप फडकं घेतलं.

पहिला आला तो नळ दुरुस्त करणारा, ज्याला सगळे पान्या म्हणतात, कारण पाना कायम त्याच्या मागच्या खिशात. आता हा काहीतरी मागणार, बाबा अडणार, आणि मग शोभा.

"काका, आलात का? बरं झालं," पान्या म्हणाला. "ते द्या ना, ते हो… नळाच्या आत असतं, काळं, गोल… झिजतं ते."

बाबांनी मान न वळवता डावीकडचा खण ओढला आणि दोन वॉशर काउंटरवर ठेवले. एक मोठा, एक लहान. पान्यानं लहान उचलला आणि गेला.

मग एक बाई आल्या. "कपाटाच्या दाराला आतून असतं ना, टक् करून बसतं, ते मोडलंय." बाबांनी दिलं. मग एक गृहस्थ आले, त्यांनी तर शब्दच काढला नाही, दोन बोटं वाकवून दाखवली आणि भिंतीत काहीतरी ठोकल्याचा अभिनय केला. बाबांनी हूक दिला. एक आजोबा रिकामी मूठ उघडून म्हणाले, "एवढं." बाबांनी विचारलं, "एवढं?" आणि आपल्या मुठीनं थोडं मोठं दाखवलं. आजोबा म्हणाले, "नाही, एवढंच." दोघांचं जमलं.

मी मागे स्टुलावर बसून तोंडावर पदर धरून हसत होते. दोन तासांत सतरा गिऱ्हाइकं आली आणि त्यांतल्या एकालाही आपल्याला काय पाहिजे त्याचं नाव माहीत नव्हतं! हार्डवेअरच्या दुकानात सगळा गावच मुका होऊन येतो की. चाळीस वर्षं बाबा मुक्यांचंच ऐकत आले होते. आता तेही त्यांच्यातले एक झाले, एवढाच काय तो फरक, आणि तो कुणाच्या लक्षातसुद्धा आला नाही.

आनंद अकरा वाजेपर्यंत टिकला. मग घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला, दुकान उघडल्याचं कुणीतरी त्याला कळवलं होतं. काय काय माल पाठवू म्हणून विचारत होता. बाबा फोनवर सुरू झाले, "जहाज… समुद्रावरून…" पलीकडचा म्हणाला, "राँग नंबर लागला वाटतं," आणि फोन ठेवून दिला. बाबांनी फोन काउंटरवर उपडा ठेवला. मग स्वतःच शटर खाली ओढलं. फोनवर ना बोट दाखवता येतं, ना खण.

त्या रविवारी दुपारी कव्हरवाला टेप घेऊन आला. दुकानाची मापं घेतली आणि वर चहाला आला. सोफ्यावर आम्ही सगळे, आई तेवढ्या स्वयंपाकघरात. नवऱ्यानं बाबांचा हात हातात घेतला. "बाबा, जागा यांना द्यायचं ठरवतोय. तुमच्या मनाविरुद्ध नाही करणार. फक्त मान हलवा."

बाबांनी मान हलवली. आडवी.

"बाबा, अहो, एकट्यानं कसं जमणार?"

"एकटा नाही," बाबा म्हणाले. "मला पाहिजे…" आणि अडले. कपाळावर शीर उभी राहिली. मग माझ्याकडे बोट केलं. "तू!"

मी पदर खोचून पुढे सरले. हे माझंच काम. "हं, सांगा बाबा. जहाजातून आलं का?"

"नाही."

"इराणातून?"

"नाही, नाही. आलं नाही. कुठून नाही. आधीपासून." बाबा हातांनी लांब लांब दाखवायला लागले. "फार जुनं. घरं नव्हती. गुरं होती. गाड्या. माणसं निघाली… काही तिकडे, काही इकडे. वाटेत सगळं सांडलं. हे नाही सांडलं. रशियात आहे. सगळीकडे आहे. तेच."

ही गोष्ट मी ऐकलेलीच नव्हती! अकरा वर्षांत एकदाही नाही. "चाक?" मी म्हटलं.

"नाही. तू!"

"गाय? दोर? आग?"

"तू! तू!"

नवरा म्हणाला, "हातोडी?" कव्हरवाल्यालाही राहवेना, तो म्हणाला, "चार्जर?" बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं बशीत डोकं घातलं.

"बाबा, ओळखतेच आहे ना मी!" मी म्हटलं. "तुम्ही मला ही गोष्ट कधी सांगितलीच नाही, तर मी कशी ओळखू?" मला रडू यायला लागलं. तीन महिने मी सगळं ओळखलं होतं, जुलाबापासून बिजागरीपर्यंत, आणि आज, ज्या एका शब्दावर त्यांचं दुकान राहणार की जाणार ते ठरणार होतं, तो मला येत नव्हता. बाबा माझ्याकडे बोट रोखून "तू, तू" करत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. एकदा बाबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कपाळाला हात लावला.

"अगं बये, तूच! ते तुला ओळखायला सांगत नाहीयेत. तुझंच नाव घेतायत. सून! त्यांना सून पाहिजे दुकानात!"

आई खुर्चीत टेकल्या. "स्नुषा. पार हजारो वर्षांपूर्वीचा शब्द, म्हणे. माणसांना घरं नव्हती तेव्हापासूनचा. रशियात स्नोखा म्हणतात तिला. कोश उघडून दाखवला होता मला. बाकी शब्द बाहेरून आले, बदलले, हरवले; सुनेचा मात्र सगळ्यांनी जपून नेला, जिथं गेले तिथं. तू आलीस त्या आठवड्यात मला तीनदा ऐकवलंन. म्हटलं, तिलाच सांगा ना. सांगायला म्हणून गेले आणि तसेच परत आले. म्हणाले, 'ती कामात आहे, चिडेल.'"

बाबा मान डोलवत होते. उभी.

मला फार लाज वाटली आणि फार बरं वाटलं, दोन्ही एकदम. मला वाटायचं, मी त्यांच्या लेखी एक फटकळ पोरगी आहे, जिला साबणाशिवाय काही नको असतं. आणि हा माणूस माझ्या नावाची गोष्ट अकरा वर्षं पोटात ठेवून बसला होता, मला मोकळा वेळ मिळेल म्हणून.

नवरा भानावर आला. "अहो बाबा, पण हिला? हिला खिळा आणि स्क्रू यातला फरक कळत नाही."

"खरं आहे," मी नाक पुसत म्हटलं. "नाही कळत मला, बाबा."

बाबांनी खिडकीतून खाली रस्त्याकडे हात केला, जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांकडे. आणि झटक्यानंतरचं त्यांचं पहिलं सरळ, न अडता आलेलं वाक्य बोलले. "त्यांना तरी कुठं कळतो?"

कव्हरवाला फिस्सकन हसला आणि त्यानं टेप गुंडाळून खिशात घातली. भला माणूस. आता कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे, चांगलं चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या बरोबरीनं काउंटरला उभी राहिले. माल मागवायचा फोन मी करते. बाबा खणाकडे बोट दाखवतात, मी नाव सांगते, मला नाव येत नसेल तर व्यापाऱ्यालाच वर्णन ऐकवते, "टक् करून बसतं ते पाठवा, चार डझन." येतं बरोबर. नवरा सुट्टीच्या दिवशी खाली येऊन बसतो आणि आम्ही दोघं त्याला कामाला लावतो.

या गोष्टीला चार वर्षं झाली. बाबांचे पुष्कळ शब्द परतले. चावी आली, कुलूप आलं. 'सून' मात्र येतो-जातो. नवीन गिऱ्हाइकानं "या कोण?" असं विचारलं आणि त्या दिवशी शब्द आला नाही, तर बाबा सरळ गुरं आणि गाड्यांपासून सुरुवात करतात. गिऱ्हाईक हातात गळका नळ धरून उभं. घरी पाणी वाहत असतं त्याच्या. ते माझ्याकडे बघतं, की बाई, तुम्ही तरी सांगा काय ते एका शब्दात.

मी नाही सांगत. पूर्ण होऊ देते. खोळंबलं तर खोळंबू दे.